पांजीला मारलेली हाक

जकार्ता, मंगळवार

सौ. सुमिनीस,

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. मी शाळेतली कविता म्हणत होतो, नात सेकार व्हिडिओ काढत होती. गंमत म्हणून तिनं कढईचं झाकण आपटलं. दचकलं की तोंडाला येईल ते बरळायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. मी ओरडलो, "पांजी, पळ!" भूकंपात ओरडलो होतो, तसंच.

सेकारनं तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला, कुणीतरी त्या हाकेचं गाणं केलं आणि आता त्यावर पोरं नाचतात. "आजोबा, अख्खा जावा तुमच्यावर फिदा आहे!" सेकार म्हणाली. पांजी आपला गेलेला मुलगा, हे सांगितल्यावर रडली. तिनं व्हिडिओ काढून टाकला, पण गावभर झालेल्या नकला कोण पुसणार?

वीस वर्षं आपण न उच्चारलेलं नाव पोरं तुझ्या दारात ओरडतील. रागावू नकोस गं. त्यांच्या गाण्यात तो अजून पळतोय.

तुझाच,
हार्जो