ऑपरेटरच्या घरातला फोन

आण्णा,

आज सकाळपासून आपल्या घरातला फोन चार वेळा वाजला आणि चारही वेळा पलीकडे माणूस नव्हतं. पहिली एक बाई होती, ती कुठलेसे प्लॉट विकत होती. दुसरी विम्याची. तिसरा पुरुषाचा आवाज होता, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, चालू ठेवायचा असेल तर नऊ दाबा म्हणत होता. चौथ्याला नुसतंच संगीत वाजलं आणि आपोआप थांबलं. तुमच्या शेवटच्या वर्षांत असे फोन नुकते सुरू झाले होते, तेव्हा आठवड्याला एखाददुसरा यायचा. आता रोज येतात, जेवायला बसलं की हमखास. माणसं सगळी मोबाईलवर बोलतात. या फोनवर खरं माणूस शेवटचं कधी बोललं ते मला नीट आठवत नाही. दिवाळीत असेल, आत्याचा आला होता, आणि तोही तिनं चुकून जुना नंबर लावला म्हणून. त्याआधी एकदा कुठल्याशा बँकेच्या मुलीनं तुमचं पूर्ण नाव घेऊन, साहेब आहेत का, असं विचारलं होतं. तुम्हाला साहेब म्हणणारं कुणी पहिल्यांदाच ऐकलं. नाहीत म्हणालो, तर कधी भेटतील म्हणून विचारायला लागली.

तुमची सून आता कंटाळली आहे. पीठ मळताना फोन वाजला की हात धुऊन, पदराला पुसत बाहेर येते, आणि पलीकडं यंत्र निघतं. तिची जीभ तुम्हाला माहीत आहे. परवा त्या नऊ दाबावाल्याला म्हणाली, "नऊ कशाला, ये की हिकडं, तुझा गळाच दाबतो." मला हसू आलं, तर माझ्याकडं वळली. "हसताय काय? दिवसातनं दहादा उठतोय मी ह्या डबड्यापायी. एक तरी माणूस बोलतंय काय त्याच्यावर?" मग तिनंच टेलिफोनच्या ऑफिसात हेलपाटे घालून फोन बंद करायचा अर्ज आणला. फोन अजून तुमच्याच नावावर आहे. त्यामुळं तुमच्या मृत्यूचा दाखला जोडायचा, वारस म्हणून मी सही करायची, आणि 'बंद करण्याचे कारण' असा एक रकाना आहे, तो भरायचा. दाखला जोडून झाला. अर्ज चार दिवस टेबलावर पडून आहे. ती रोज विचारते, मी रोज उद्या म्हणतो. काल म्हणाली, "एका सहीला चार दिस? शेत विकाय लागलाय काय कुणाला?" मी बोलत नाही याचा तिला आता राग येत नाही, तेवढी वर्षं झाली. आज सोमवार, कंपनीला सुट्टी. ती मुडशिंगीला तिच्या भावाकडं गेली आहे. अर्ज पुढं ओढला आणि त्याच्याशेजारी हा कोरा कागद घेतला.

रकान्याकडं बघताना मला तुमची टेलिफोन बोर्डाची खोली आठवली. साखर कारखान्याच्या ऑफिसात, जिन्याखालची ती लहान खोली. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो आणि ऊस गाळपाच्या दिवसांत तुमची दुसरी पाळी लागली की आई मला सायकलवरून डबा घेऊन पाठवायची. खोलीत मळीचा वास भरून राहिलेला असायचा, त्याची तुम्हाला जाणीवच नसायची. कपाटाएवढी ती लाकडी पेटी, तिच्यावर भोकांच्या ओळी, पुढं दोऱ्या. फोन आला की भोकावरचं छोटं झाकण पडायचं. तुम्ही दोरी खुपसायचा, आत खट्ट व्हायचं आणि मग तुम्ही दोन श्वास गप्प बसायचा. दर वेळी. मी विचारलं तेव्हा म्हणाला होता, "पयला शब्द खटक्यात जातोय रं. लाईन बसू द्यायची, मग तोंड उघडायचं."

ही सवय तुमच्याबरोबर घरी आली आणि निवृत्तीनंतरही गेली नाही. घरातला फोन असो, नाहीतर नाक्यावरच्या दुकानातला, समोरच्यानं हॅलो म्हटलं तरी तुमचे दोन श्वास व्हायचेच. आईला तुम्ही बाहेरून फोन केला की ती रिसीव्हर कानाला लावायची, जरा ऐकायची आणि तुम्ही बोलायच्या आधीच मला म्हणायची, "तुझं आण्णा हायत." पलीकडं काहीच ऐकू यायचं नाही, त्यावरून ती तुम्हाला ओळखायची.

त्या खोलीतली एक दुपार अजून जशीच्या तशी समोर आहे. मी डबा उघडून ठेवलाय, तुम्ही एका कानाला यंत्र लावून भाकरी मोडताय. झाकण पडतं. खट्ट होतं. दोन श्वास जातात. तेवढ्यात पलीकडचा माणूस इतका मोठ्यानं ओरडतो की मला स्टुलावर बसून सगळं ऐकू येतं. "तोडणीची टोळी कुठं मेली तुमची? तुरं आलं की रं उसाला. साहेबाच्या दारात आणून टाकू काय?" तुम्ही भाकरी खाली ठेवता आणि नुसतं व्हय, व्हय, खरं हाय, म्हणत राहता. त्याचा श्वास संपतो तेव्हा विचारता, "पावणं, गाव कुठलं म्हणायचं?" तो कागलकडचं एक गाव सांगतो आणि गाव सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो. "मग आपलंच की," तुम्ही म्हणता, "आमच्या चुलतीचं म्हायार तितलं." आपल्या कुठल्याच चुलतीचं माहेर तिथं नव्हतं, हे मला माहीत होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही.

मग तुम्ही त्याला शेती खात्याच्या साहेबांकडं जोडून दिलं. मिनिटभरात झाकण परत पडलं. तोच माणूस, आता गोंधळलेला. तुम्ही लगेच म्हणालात, "पावणं, लाईन तुटली बघा. थांबा, परत जोडतो." पुन्हा जोडलं, पुन्हा झाकण पडलं, आणि तुम्ही पुन्हा त्याच शांतपणे लाईन तुटली म्हणालात. तिसऱ्या खेपेला तो साहेबांशी बोलला. मी विचारलं, आण्णा, लाईन खरंच तुटली काय? तुम्ही भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "लाईन कुठली तुटतीया. साहेबानं आदळला."

"मग तसं सांगायचं की त्यांना."

"कशापायी? ऊस उभा वाळतोय त्याचा. वर तोंडावर फोन आपटला म्हणून आणि कशाला सांगू त्येला?"

तीस वर्षं तुम्ही त्या बोर्डावर बसलात आणि किती साहेबांचं असं झाकून घेतलंत, तुम्हालाच माहीत. स्वतः मात्र कधी समोरच्याचं बोलणं संपायच्या आधी फोन ठेवला नाही. घरी यंत्राचे फोन यायला लागले तेव्हासुद्धा. पहिला आला त्या दिवशी तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून मोबाईलवर गाणं कसं लावायचं याची सगळी माहिती ऐकून घेतलीत आणि शेवटी "बरं, ठेवतो" म्हणून ठेवलात. आम्ही सगळे हसलो, तुम्हीही हसलात. पुढं एकदा तुम्ही असंच ऐकत बसला होता आणि मला कुठंतरी फोन लावायची घाई होती. मी तुमच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि बाईचं वाक्य अर्धं असताना ठेवून दिला. तुम्ही माझ्यावर फार वेळा रागावला नाहीत, म्हणून ती वेळ लक्षात राहिली.

"बोलणं संपल्याबिगर ठेवू नये."

"आण्णा, मशीन आहे ते."

"मशीन हाय ते मला बी कळतंय. तुझ्या जल्माआधीपास्नं मशीनवर बसलोय मी. पण तुझ्या हाताला कुठं कळतंय? हाताला सवय लागली की माणसाचा बी ठेवशील."

मी मनात म्हणालो, आण्णांचा बोर्ड कारखान्यानं कधीच भंगारात दिला, पण यांच्या डोक्यातून काही जात नाही.

आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो. आई गेल्यानंतरचं दुसरं वर्ष. रविवार होता. तुम्ही सकाळी कुणाला न सांगता जोतिबाला गेलात. मी कागलला कामावर होतो, आमची सुट्टी सोमवारी असते. त्या काळात मोबाईलवर यंत्राचे फोन फार वाढले होते आणि त्यांची एक खूण मला पाठ झाली होती. आपण हॅलो म्हणायचं, पलीकडं थोडा वेळ काहीच नसायचं, मग आवाज सुरू व्हायचा. त्या दिवशी सकाळपासून तीन येऊन गेले होते. अकराच्या सुमाराला मी तपासणीच्या टेबलावर कास्टिंगचं माप घेत होतो, हात तेलकट होते. अनोळखी नंबर. मी हॅलो म्हणालो. पलीकडं काहीच नाही. एक श्वास गेला असेल. मी अंगठ्यानं बंद करून टाकला आणि परत माप घ्यायला लागलो. थोड्या वेळानं तोच नंबर पुन्हा आला, तो तर मी उचललाच नाही.

रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला तुम्ही घरी आलात. कपाळावर, कानामागं गुलाल. एक चप्पल पायात, दुसरी हातात, तिचा अंगठा तुटलेला. एसटी चुकली म्हणून डोंगराच्या पायऱ्या तशाच एका अनवाणी पायानं उतरून आला होता. पायाला फोड आले होते. सून पाणी तापवायला गेली. तुम्ही खुर्चीत बसलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "डोंगरावरनं फोन केलतो. नारळाच्या दुकानातनं. लाईन तुटली."

मी तुमच्या पायाकडं बघत राहिलो. मग म्हणालो, "हो, कंपनीत रेंजच येत नाही धड."

"व्हय," तुम्ही म्हणालात, "तिकडं डोंगरावर बी वाराच लई हुता."

कशासाठी केला होता, असं मी विचारलं. तुम्ही काय न्हाय, सहज, म्हणालात आणि पाय पाण्यात घातलेत. चपलेसाठी असेल. माझा एक मित्र तिकडंच डोंगराजवळच्या एका वाडीत राहायचा, सांगितलं असतं तर मोटारसायकल घेऊन अर्ध्या तासात पोचला असता. किंवा चपलेसाठी नसेलही. आईशिवाय पहिल्यांदाच गेला होता, दर्शन झालं एवढं कुणाला तरी सांगायचं असेल. मी पुढं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी दुसरी गोष्ट बोलावी लागली असती. त्याच वर्षी दसऱ्याच्या आत तुम्ही गेलात. भेटायला आलेल्या लोकांना मी सांगत होतो की आण्णांनी कुणाला त्रास दिला नाही, शेवटपर्यंत कुणाला फोन करून बोलवून घेतलं नाही. असं मी सांगितलं, आण्णा.

सोळा वर्षं झाली. लाईन तुटली नव्हती. मी ठेवला होता. तुम्हाला ते त्या नारळाच्या दुकानातच कळलं असणार, तुटलेली लाईन आणि ठेवलेला फोन यांचा आवाज तुमच्याइतका कुणाला ओळखू येणार? आणि कळूनही तुम्ही घरी येऊन मला तेच सांगितलंत, जे त्या ऊसवाल्या पाहुण्याला सांगत होता. फरक एवढाच की त्या खेपेला तुम्ही साहेबाचं झाकत होता की पाहुण्याला जपत होता हे मला कळलं होतं. माझ्या वेळी कुणाला जपलंत ते अजून कळलेलं नाही.

मघाशी हे लिहिताना पाचवा फोन आला. मी उठून उचलला आणि दोन श्वास थांबलो. सकाळचीच प्लॉटवाली बाई होती. तिचं सगळं ऐकलं, रस्ता, वीज, पाणी, मंदिर जवळ. संपल्यावर "बरं, ठेवतो" म्हणालो आणि ठेवला. हे आजचं नाही. सून घरात नसली की मी सगळे फोन असेच उचलतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. तिला वाटतं मी फोनच्या वाटेला जात नाही.

अर्जावर सही केली आहे. फोन चालू ठेवून तुम्हाला काही उपयोग नाही आणि तिला उगाच त्रास. हा कागद चुकून अर्जाबरोबर जायला नको, म्हणून टेबलाच्या कप्प्यात, तुमच्या जुन्या नंबरांच्या वहीत घालतो. ती संध्याकाळच्या बसनं येईल. तेवढा एक रकाना राहिलाय, तिथं 'वापर नाही' असं लिहितो. तिला तेच सांगेन.