शिट्टीच्या आधी

मंगळवार, संध्याकाळ. चँडलर.

आज पुन्हा तेच. त्या स्पॅनिश बाईंच्या पायाचा अंगठा आधी हलला आणि मग शिट्टी वाजली.

आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या मागे शाळेचं ग्राउंड आहे, तिथे दुपारी मुलींची सॉकर प्रॅक्टिस चालते. बाई एके काळी स्पेनमध्ये फॉरवर्ड खेळायच्या. गुडघ्यापायी सगळं संपलं. मी तोच गुडघा वाकवत असते, त्या डोळे मिटून पडलेल्या असतात. अंगठा झटकन ताठ होतो, मी मनात 'एक' म्हणते आणि बाहेर शिट्टी! पहिल्यांदा योगायोग म्हणून सोडून दिलं. पण दर वेळी?

आज न राहवून विचारलंच. त्या हसल्या. "माझे किती गोल ऑफसाइड म्हणून गेले! कोच म्हणायचे, घाई करतेस. घाई कसली, पास मारल्याचा आवाज मला आधीच ऐकू यायचा." मग माझं मनगट धरून हळूच म्हणाल्या, "गुडघा तुटल्याचा आवाजही मी बुटाची लेस बांधतानाच ऐकला होता. तरी खेळायला गेले."

का गेल्या? विचारायचं राहिलंच. तो अंगठा काही डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि आत्ता ओटा पुसताना मला करकचून ब्रेक लावल्याचा आवाज आला. अगदी दाराशी. धावत खिडकीत गेले, तर रस्ता रिकामा. मागे वळले, तर लेक जॅकेट घालून उभी. "आई, व्हेअर आर द कार कीज?"

ती शोधतेय सगळीकडे. किल्ली माझ्या डाव्या मुठीत आहे.