राखणदाराची बाटली

पुणे

तीर्थरूप बाबा,

नमस्कार, पण रागातच करते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

व्यसनमुक्ती केंद्रातून नुकत्याच परतलेल्या मितेशदादाच्या हातात तुम्ही बागेच्या राखणदार देवाला ठेवायची दारू दिलीत? बागेत पोचण्याआधीच त्याने ती तोंडाला लावली, आणि वर फोनवर मलाच सांगता, "तेचा मनच घट्ट नाय, तेका कोण काय करतलो?"

प्रयोगशाळेत मी रोज हेच बघते, बाबा. दारूच्या नुसत्या वासाने व्यसनी माणसाचा मेंदू पेटतो. माणूस 'नको' ठरवेपर्यंत हात पुढे गेलेला असतो. ते सोडून तुम्ही मन कसलं मोजता?

आई रडते का हो? दादा जेवतो का?

यापुढे राखणदाराला नुसता नारळ ठेवा. कोपलाच, तर त्याला माझं नाव सांगा.

तुमचीच,
अक्षया