दोन डिस्क, एक खोली

६ जानेवारी २००८, रविवार
या वर्षी निकाल लावायचाच: ब्लू-रे की एचडी डीव्हीडी, आवाज कुणाचा सरस? एकाच मैफलीच्या दोन्ही डिस्क आहेत, दोन्ही मशीनं आहेत, आणि माझे कान आहेत. असे कान अख्ख्या तोक्योत सापडायचे नाहीत. एचडी डीव्हीडीचं व्हायोलिन मऊ, ब्लू-रेचं कोरडं. सायोकोला ऐकवलं. ती म्हणाली, अहो, दोन्हीकडे व्हायोलिनच आहे ना? बायको कोतोसारखं तंतुवाद्य शिकवते आणि हे तिचे उद्गार!

१२ जानेवारी
सायोकोच्या शिकवणीच्या खोलीत मी मशीनं मांडली, पुन्हा तोच विषय. एप्रिलपासून तिचं तेरा तारांचं कोतो कपाटामागे उभं आहे, दोन शिष्या स्वयंपाकघरात शिकतात. मी समजावलं की खोली तात्पुरती घेतली आहे. तिने विचारलं, मग भिंतींना खिळे मारून गोधड्या कशाला ठोकल्या? मुद्दा सोडून बोलायची सवय.

१९ जानेवारी, दुपारी ३
शोध! फ्रिज बंद केला की वीज शुद्ध होते. व्हायोलिन एकदम उजळलं. भाताचा कुकरही बंद केला.

रात्री ८
भात कच्चा.

२० जानेवारी
फ्रिज चालू करायचा राहिला होता. मासे शेजारच्या मांजराला.

२७ जानेवारी
पैज लागली. पंच हिरामात्सुसान, अकिहाबाराला मशीनं विकणारे माझे मित्र. डोळ्यांवर पट्टी, दहा वेळा ऐकून डिस्क ओळखायची. आठ बरोबर आल्या तर खोली कायमची माझी. नाहीतर सायोकोची. ती चटकन हो म्हणाली. बिचारी.

३ फेब्रुवारी
आज भुतं हाकलायचा सण, घरभर सोयाबीन फेकायचे. सायोकोने सगळ्यात जास्त माझ्या खोलीत फेकले. एक दाणा डाव्या स्पीकरमध्ये गेला. ढोल आता जास्त खणखणीत वाटतो. सराव उद्यापासून.

१७ फेब्रुवारी
चार.
हिरामात्सुसान अदबीने म्हणाले, चार काही वाईट नाहीत, नुसत्या अंदाजाने पाच येतात. कारणं: पट्टी कानांवर आली. तो दाणा. शिवाय सकाळी लोणचं जास्त झालं.
खरी फजिती पुढेच. सायोको स्वयंपाकघरात मुळा सोलता सोलता, गंमत म्हणून, एका जाहिरातीच्या पाठीवर उत्तरं लिहीत होती. दहापैकी दहा! कसं, म्हणून विचारलं. म्हणाली, एचडी डीव्हीडीवालं तुमचं मशीन बारीक शिट्टी मारतं की, तुम्हाला येत नाही ऐकू? हिरामात्सुसान म्हणाले, मलाही आली. मी म्हटलं, येते की, न यायला काय झालं.
हिरामात्सुसान गेल्यावर मशीनला कान लावून बसलो. काही नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१९ फेब्रुवारी
बातम्यांत सांगितलं, एचडी डीव्हीडी बंद होणार. मी पहिल्यापासून ब्लू-रेच म्हणत होतो. मागची पानं चाळायची गरज नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार
खोली रिकामी करून दिली. गोधड्या धुवायला. माझी खुर्ची आता स्वयंपाकघराच्या दाराशी. सायोको तिच्या खोलीत कोतो घेऊन बसली. मी डोळे मिटले. काय तो खर्ज! एकच सूर, अखंड, दोन्ही डिस्कांत कधी न सापडलेला. डोळे भरून आले. उठून तिला मोकळ्या मनाने सांगितलं की अशी तार मी जन्मात ऐकली नाही.
ती म्हणाली, अहो, मी अजून बोटांत वाजवायच्या नख्या चढवतेय. तो फ्रिज आहे.