हॉर्नफोल्डच्या तोफांची भट्टी

मी एडमंड टिकनर, वय अदमासे एकसष्ट, धंदा लोखंडी तोफा ओतण्याचा, राहणार हॉर्नफोल्ड, ससेक्स, लिहून ठेवतो की माझे पाय सुजले आहेत, डावा कान कामातून गेला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असेल तर त्याने आजच येऊन माझ्याशी वाद घालावा. नंतर जमणार नाही.

आत्मा देवाच्या हवाली. दफनाच्या दिवशी सर्वांना बिअर पाजावी, मात्र तोफ उडवू नये. चर्चच्या काचा नव्या आहेत.

कलम पहिले. माझा लोकरी झगा फ्रान्सहून आलेला माझा ओतारी पेरीन याला द्यावा. पहिल्या तोफेच्या वेळी तो म्हणाला होता, "मालक, साचा ओला आहे, आठवडाभर थांबा." मी थांबलो नाही. तोफ कसोटीलाच फुटली आणि माझा कान गेला. गावभर मात्र मी पेरीनला दोष देत फिरलो. ते शब्द येथे परत घेतो.

कलम दुसरे. राहते घर पत्नी सिसली हिला. दुसऱ्या तोफेच्या कसोटीला लंडनचा एक काशाच्या तोफा ओतणारा आला होता. "लोखंडाची तोफ? हिच्यात लापशी शिजवा!" असे तो म्हणाला. मला राग आला. मी तोफेला खेटून उभा राहिलो; बाकी सगळे बांधामागे पळाले. सिसली तेव्हा विधवा होती, आणि माझा भाता तिच्या तळ्याच्या पाण्यावर चाले. ती बांध उतरून माझ्या शेजारी आली.

"बाई, मागे व्हा!" मी ओरडलो.

"जगलात तर लग्नाचं विचारा एकदाचं. दोन वर्षं नुसती टोपी काढून उभे राहता."

बत्ती दिली. तोफ टिकली. मी तिथेच विचारले. तिचे "हो" मला ऐकू येईना, म्हणून तिला ते तीनदा ओरडावे लागले.

कलम तिसरे. भट्टी, साचे व भाते मुलगी अ‍ॅव्हिस हिला. रिवाजाने हे मुलाचे. पण गेल्या हिवाळ्यात मी अंथरुणाला खिळलो असताना हिने नुसता ज्वाळेचा रंग पाहून लोखंडाचा रस थांबवला, वेळेवर सोडला आणि आठ तोफा ओतल्या. एकही फुटली नाही. मुलगा लॅम्बर्ट दुखावेल या धास्तीने मी महिनाभर बोललो नाही. काल विचारले.

"बाबा," तो म्हणाला, "मी तर याचीच वाट बघत होतो. मला त्या धुराचा वीट आलाय. मेंढ्या द्या."

कुरण व सर्व मेंढ्या लॅम्बर्टला. अ‍ॅव्हिसने लग्न केल्यास नवऱ्याने भट्टीत तिला विचारून पाऊल टाकावे.

कलम चौथे. गिरणीवाला हम्फ्री पेनफोल्ड ओढ्याचे सोमवारचे पाणी कोणाचे यावरून एकोणीस वर्षे माझ्याशी भांडतो आहे. त्याला मी माफ करत नाही. परंतु गावात त्याच्याइतका सरळ माणूस नाही, म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्याने करावी.

ठिकाण हॉर्नफोल्ड, तारीख १४ मे १५६१.
एडमंड टिकनर (स्वहस्ते)

साक्षीदार:
पेरीन, ओतारी (निशाणी)
हम्फ्री पेनफोल्ड, गिरणीवाला

मृत्युपत्र लिहून घेणाऱ्याची टीप: सही करण्याआधी पेनफोल्ड म्हणाले, "करतो, पण तू गेल्यावर सोमवारचं पाणी माझं." सिसलीबाईंनी लगेच होकार दिला. ते ऐकून एडमंड उठून बसले, जोडे मागितले आणि म्हणाले, "मग मी इतक्यात मरत नाही."
— टोबायस विन्चेट, पाद्री