दर पाडव्याला बदललेले वारस

मी, उत्तरेश्वर दत्तोबा लोमटे, वय वर्षे एकोणसत्तर, मूळ गाव तालुका केज, जिल्हा बीड, हल्ली राहणार मांजरी बुद्रुक, पुणे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याबाबत पत्नी मुक्ताई हिचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

कलम १. याआधी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती किती, हे लिहायला लाज वाटते. निवृत्त झाल्यापासून दर दिवाळीला एक, एवढे सांगितले तरी पुरे. त्या मृत्युपत्रांचा परिणाम असा झाला आहे, की माझा मुलगा संतोष नोकरी गेलेली असूनही रोज सकाळी ऑफिसची बॅग घेऊन घराबाहेर पडतो आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी बसून परत येतो. हे तो माझ्या भीतीने करतो. हे थांबावे, म्हणून हा कागद आहे. घर-शेअर नंतर.

कलम २. ही भीती कशी तयार झाली, ते सांगणे भाग आहे.

कारखान्यात मी जन्मभर एकच काम केले. समोर आलेला नग मापायचा; मापात बसला तर पास, नाही तर नापास. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले, तेव्हा शेअर बाजाराचा एक वर्ग लावला. तिथल्या गुरुजींनी शिकवलेला नियम मला एकदम पटला, कारण तो माझ्या जुन्या कामासारखाच होता. गेल्या वर्षभरात जे शेअर सगळ्यांत जास्त चढले ते घ्यायचे, जे पडले ते काढून टाकायचे, आणि ठरावीक काळाने पुन्हा तीच चाळणी लावायची. शेवटचा महिना मात्र धरायचा नाही, कारण तेवढ्यातले चढउतार फसवे असतात. आपल्यासारख्या अजून वाढत्या बाजारात चढणारा बराच काळ चढत राहतो, असे गुरुजी म्हणत. "चढत्याला साथ, पडत्याला रामराम." काही वर्षे नियम छान चालला, आणि मी स्वतःला शहाणा समजू लागलो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाजार मुहूर्तापुरता उघडतो. त्या बैठकीला मी शेअर चाळत असे, आणि हात चाललाच आहे तर मुलांनाही चाळू लागलो. पूर्णिमा थोरली, संतोष धाकटा. कोणाची बढती झाली, कोणी गाडी घेतली, कोणाचे बस्तान हलले, हे बघायचे. ज्याचे वर्ष चढते, त्याच्या नावे मृत्युपत्रात राहते घर. दुसऱ्याला भांडीकुंडी. दिवाळीआधीचा महिना इथेही धरत नसे, कारण त्या महिन्यात मुले जरा जास्तच गोड वागतात. पाडव्याला फराळ मांडला, की सगळ्यांसमोर नवे मृत्युपत्र मोठ्याने वाचत असे. याने मुलांना हुरूप येतो, असे मी समजत होतो. मुक्ताईचे नाव कधीच चाळणीत नव्हते. तिला उत्पन्न नाही, म्हणून मोजायचे काय, असा माझा सवाल होता.

करोनात जावई अनिरुद्ध यांचा लग्नपत्रिका छापण्याचा धंदा बसला. त्या पाडव्याला शेजारीपाजारी आलेले असताना मी वाचले, "पूर्णिमा, यंदा घसरण, सबब वगळले." अनिरुद्ध यांनी ताट बाजूला ठेवले, "आई, चकली छान झालीय," म्हणाले आणि चपला घातल्या. त्यानंतर पूर्णिमा मी घरी असताना या घरात आलेली नाही. माझ्या नियमात पडत्याकडे वळून बघायचे नसते, म्हणून मी तिला फोनही केला नाही. आज हे लिहिताना माझी मान खाली आहे.

कलम ३. गेल्या दिवाळीत मी घर संतोषच्या नावे केले. मोठ्या कंपनीत पगार, नवी गाडी, सगळे चढते. जानेवारीत कारखान्याच्या निवृत्तांची सहल खडकवासल्याला गेली होती. भर दुपारी, कामाच्या दिवशी, धरणाच्या कठड्यावर मला संतोष दिसला. शेजारी पूर्णिमा होती. मधे डबा उघडलेला होता. मी भज्यांच्या गाडीमागे उभा राहिलो. चोरून ऐकणे वाईट हे मला माहीत आहे, पण तिथेच थांबलो.

"दिवाळीआधीच गेली नोकरी आणि पाडव्याला तू पहिला," पूर्णिमा म्हणत होती. "अप्पांचा अंदाज म्हणजे अंदाज."

"हसू नकोस ताई. अर्धं तुझंच आहे, ठरलंय ना आपलं."

"ते ठरलंय रे. पहिल्या पाडव्यालाच ठरलंय. कुणालाही देऊ देत, अर्धं अर्धं. पण घरी कधी सांगणार?"

"बायकोला माहितीय. आईलाही. फक्त अप्पांना नाही. भाऊजींचं काय झालं बघितलंय मी. बायकोसमोर, पोरांसमोर मला ते नकोय. त्यापेक्षा इथं बसलेलं परवडतं."

तेव्हा मला दोन गोष्टी समजल्या. माझी सगळी मृत्युपत्रे माझ्या मुलांनी कधीच आपसांत रद्द केली होती, आणि नोकरी गेल्याचे घरात फक्त मलाच माहीत नव्हते. मुक्ताई संतोषच्या डब्यात दोघांच्या पोळ्या घालते, हे मी रोज बघत होतो, आणि पोराची भूक वाढली म्हणून खूश होत होतो.

मी भज्यांचे पैसे देऊन सहलीच्या बसमध्ये जाऊन बसलो. संतोष संध्याकाळी घरी आला. मी विचारले, "कसं होतं ऑफिस?" तो म्हणाला, "नेहमीचंच." त्यानंतर आजपर्यंत मी हा प्रश्न विचारलेला नाही आणि खरे काय ते मला कळले आहे, हेही बोललेलो नाही.

कलम ४. मांजरीचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते मी माझ्या पश्चात पत्नी मुक्ताई हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिने ते ठेवावे, विकावे किंवा वाटावे. तिला कोणी विचारू नये. पार्किंगची जागाही तिचीच. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिथे आपली दुसरी गाडी लावणे माझ्या मृत्यूच्या दिवसापुरतेसुद्धा चालणार नाही.

कलम ५. माझ्या डिमॅट खात्यात जे उरले असेल, ते पूर्णिमा आणि संतोष यांना समसमान. फार उरलेले नाही. दिवाळीला जे चढते म्हणून घेतले, तेच या हिवाळ्यात सगळ्यांत आधी कोसळले. बाजार वळतो तेव्हा चाळणीला पत्ता लागत नाही. तिला मागचेच दिसते. लहान कंपन्यांचे शेअर सकाळी उघडले, की त्या दिवशी जेवढे पडू देतात तेवढे पडून अडकायचे, आणि विकायचे म्हटले तरी घेणारा नसायचा. या कागदाचे एक साक्षीदार नागोराव यांचा नियम माझ्या उलटा आहे. ते पडलेलेच घेतात. घाबरलेला बाजार चांगल्यालाही खड्ड्यात ढकलतो आणि तीन-चार वर्षांत त्यातले बरेच उठून बसतात, असे ते म्हणतात. मी त्यांना भंगारवाला म्हणत असे. तो शब्द मागे घेतो. त्यांचेही काही शेअर अजून खड्ड्यातच आहेत, हेही नोंदवून ठेवतो. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील सांगतात, त्यामुळे हिशेब इथेच मिटला.

वर्गाच्या गुरुजींना काही देऊ नये. फी दिलेली आहे.

कलम ६. निरोप समारंभात मिळालेला माझा व्हर्निअर कॅलिपर जावई अनिरुद्ध यांना द्यावा. कागदाची जाडी मापायला कामी येईल. त्यासोबत मी त्यांची माफी मागतो. नुसता कॅलिपर ठेवून माफी परत केली, तरी माझी तक्रार नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पूर्णिमाने पाहावी. माझे दिवस झाल्यावर तिने संतोषला शेजारी बसवून सांगावे, की अप्पांना सगळे माहीत होते, त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि उद्यापासून त्याने बॅग घेऊन बाहेर पडण्याची गरज नाही.

इथवर लिहून मी आज, रविवारी, नागोराव आणि दुसरे साक्षीदार नियाज अत्तार यांना सहीसाठी बोलावले. नियाजभाई खडकीचे, कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर होते. मुक्ताईने चहा ठेवला. मी सातही कलमे वाचली. नागोराव खिडकीबाहेर बघत राहिले. नियाजभाईंनी चष्मा काढून पुसला.

"उत्तरेश्वरराव, कलम सात फारच छान आहे," ते म्हणाले. "म्हणजे पोराला घरी बसता यावं म्हणून तुम्ही मरायची वाट बघायची. आता तुमची तब्येत सुधारली की बिचाऱ्याला वाईट वाटणार."

"मला समोर बोलायला जमत नाही हो," मी म्हणालो.

"पाडव्याला तर मोठ्यानं वाचत होता की."

नियाजभाईंनी पेनाला टोपण लावले आणि खिशात ठेवले. मुक्ताई चहाचे कप उचलत म्हणाली, "तुम्ही त्याला ऑफिसचं विचारणं सोडलंत, तेव्हाच मला कळलं. दोन महिने हेच ऐकायची वाट बघतेय. पण मला सांगितलंत तर काय उपयोग? त्याला सांगा." मग ती आत गेली आणि तिने उद्याच्या डब्याची भाजी निवडायला घेतली.

सबब कलम ७ मधील पूर्णिमाची नेमणूक कायम ठेवून बाकीचा मजकूर खोडत आहे.

कलम ८. हे कलम माझ्या मृत्यूनंतर अमलात आणायचे नाही. ते उद्या सकाळी अमलात येईल, आणि ते मीच पार पाडायचे आहे. ते झाल्याशिवाय साक्षीदार सही करणार नाहीत, असे त्यांनी कळवले आहे.

सोमवारची नोंद. सकाळी संतोष दाराशी बूट घालत बसला होता. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. खडकवासल्याचे सांगितले. म्हणालो, "चूक माझी आहे रे. तुझी काहीच नाही." एक बूट घालून झाला होता; त्याची नाडी सोडायला त्याला खूप वेळ लागला. मला मदत करावीशी वाटली, पण हात पुढे करायची लाज वाटली. शेवटी त्यानेच पाय माझ्याकडे सरकवला.

लिहून देणार: उत्तरेश्वर दत्तोबा लोमटे (सही)

आम्हां दोघांसमक्ष व परस्परांसमक्ष सही झाली. सही करतेवेळी मुलगा घरी होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

साक्षीदार: नियाज इस्माईल अत्तार, खडकी (सही)
साक्षीदार: नागोराव विठोबा साखरे, मांजरी (सही)

स्थळ: मांजरी बुद्रुक, पुणे
सोमवार, १० मार्च २०२५