तळमजल्याची लिफ्ट

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर

तीर्थरूप मालूताईस,

धाकटीचा इथूनच रावेरपर्यंत वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तुझा ललित इंदूरहून येऊन गेला का, की यंदाही मोबाईलवरच पाया पडला? मी बरी आहे. पत्र अशासाठी, की फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हा विषय वाक्य पुरं झाल्याशिवाय कळत नाही.

आई गेल्यापासून या भाड्याच्या खोल्या फार मोठ्या वाटतात (तीनच आहेत, तुला माहीत आहे). आता घरमालकांच्या नातवाचं लग्न ठरलंय, त्यांना जागा हवी. म्हणून असीरगढ रस्त्याकडचा एक फ्लॅट बघितला आहे, तळमजल्याचा, कडूअण्णांचा. घ्यावा की नाही, यावर तुझं मत हवं आहे.

घर विकत घेतलं की महिन्याचं देणं संपलं, अशी माझी समजूत होती. तसं नसतं, ताई. मी रिकाम्या फ्लॅटच्या भिंती ठोकून बघत होते, तेवढ्यात तिथल्या सोसायटीचा सेक्रेटरी विपुल पावतीपुस्तक घेऊन कडूअण्णांना शोधत आला. पावतीपुस्तक दिसलं की माझ्या हाताला आपोआप गणपती आठवतो. मी एकशे एक काढून दिले, वर प्रसाद आठवणीनं पाठवायला सांगितलं. तो नोटांकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, ये वर्गणी नाही आहे, मेंटेनन्स आहे. हर महिन्याला." (हर महिन्याला गणपती का, असंही मी विचारून घेतलं.) मग त्यानं समजावलं: गेटवरचा चौकीदार, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, बगीचा आणि लिफ्ट, सगळं त्यातूनच चालतं. मी म्हटलं, मी तर तळमजल्यावर, मला लिफ्ट कशाला? म्हणाला, "लिफ्ट सगळ्यांची आहे, मॅडम. तुम्ही पण बसा ना." म्हणून बसते. फ्लॅट बघायला जाईन तेव्हा आधी वरच्या मजल्यापर्यंत जाते आणि उतरते. वरच्या पल्लवीनं एकदा विचारलं, कुणाकडे जायचंय? मी म्हटलं, कुणाकडे नाही, वसूल करतेय. तेव्हापासून ती मला चहा देते. तिच्या गॅलरीतून ऊन स्वच्छ असलं की असीरगढचा डोंगर दिसतो.

मग संपत्तीकर. नगर निगमच्या खिडकीवरच्या तृप्तीनं सांगितलं, की कर घराला चिकटलेला असतो, माणसाला नाही. म्हणजे कडूअण्णांनी थकवलेलं सगळं फ्लॅटबरोबर माझ्या गळ्यात आलं असतं. मी त्यांना कळवलं, आधी कर आणि मेंटेनन्स चुकता केल्याच्या पावत्या, मग रजिस्ट्री. ते दुखावले. म्हणाले, "बाई, एका गावचे आपण, आणि पावत्या मागता?" मी म्हटलं, एका गावचे म्हणूनच मागते, मागाहून भांडलो तर रोज तोंडं दिसायची. आठवड्यानं दोन्ही पावत्या आल्या, सोबत केळ्यांची एक फणी. (केळी गोड होती. राग नसावा.)

तृप्तीनं आणखी एक विचारलं. स्वतः राहणार की भाड्यानं देणार? स्वतः राहिलं तर करात सूट आहे म्हणे. मी म्हटलं, आम्हीच राहणार. तिनं सहज विचारलं, आम्ही म्हणजे कोण कोण? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आणि माझी ताई." सूट काही त्यानं वाढत नाही. एकटी म्हणायला जीभ वळली नाही, एवढंच.

तेव्हा शांतपणे विचार करून कळव. तू नको म्हणालीस तर विषय संपला.

तुझी,
अश्विनी

ता. क. बयाणा काल देऊन आले. 'नको' कळवणार असलीस तर राहू दे.

ता. क. दुसरा. मेंटेनन्स घरामागे आहे, माणसामागे नाही. एक राहो की दोघी, तेवढाच. म्हणजे मी एकटी राहिले तर दुसऱ्या माणसाचं दर महिन्याला फुकट जाणार. रावेरच्या एवढ्या घरात तू एकाच खोलीत दिवा लावतेस, हे ललितनं मला सांगितलंय. तळमजला मी तुझ्या गुडघ्यासाठी धरला.

ता. क. शेवटचा. पल्लवीला सांगून ठेवलंय, ताई आली की संध्याकाळी दोघी वर येऊ. तुला उभं राहवत नाही म्हणून लिफ्टमध्ये न्यायला एक स्टूल घेतलंय. चारदा जाऊन बघितलं. एकटीनं वसूल होत नाही गं.